वीतभर रोपं

टेकाडावर चढताना थोरलीनं दोनदा थांबून गुडघे चोळले. खरं म्हणजे त्याला टेकाड म्हणणंही जास्तच. खाण चालू होती तेव्हा आतून निघालेला दगडचुरा आणि राखाडी माती वर्षानुवर्षं एकाच जागी ओतत गेले, त्याचा झालेला तो ढीग. खाण बंद पडली, ढीग राहिला. वारा सुटला की त्याची धूळ खालच्या घरांत शिरायची. म्हणून त्याच्यावर झाडं लावायचं ठरलं आणि रोपं पुरवायचं काम थोरलीच्या नर्सरीला मिळालं. गेल्या हंगामात तिनं पाइनची हातभर उंच, हिरवीगार रोपं ट्रक भरभरून पाठवली होती. आज ती बघायला बोलावणं आलं होतं.

रोपं तांबूस पडून उभी होती. वाळलेली, पण उभी. ओळीच्या ओळी.

खाणीचा इंजिनियर डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून बाजूला थांबला होता. तरुण होता, वाईट काही बोलला नाही. "बाई, ही आली ना, तेव्हा सगळ्यांनी फोटो काढले होते," एवढंच म्हणाला. थोरलीला ते शिवीपेक्षा जास्त लागलं.

तिनं एक रोप धरून ओढलं. ते इतक्या सहज हातात आलं की तिचाच तोल गेला. मागून धाकट्या जावेनं दंडाला धरून सावरलं. रोपाच्या बुडाशी मातीची कांडी जशीच्या तशी होती, ट्रेमधून काढली तशी, ट्रेच्या खाचांसकट. वर्षभरात एक मूळ त्या कांडीबाहेर पडलं नव्हतं.

"पाहुण्यासारखी राहिली," धाकटी म्हणाली. "आल्यावर पिशवीसुद्धा उघडली नाही."

"तुला विनोद सुचतायत."

"विनोद नाही हो वहिनी." धाकटीनं गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं आणि कांडी फोडून बघू लागली. लग्नाआधी ती माती तपासायच्या प्रयोगशाळेत होती. ते भिंग तिथलंच, आणि ते तिच्या गळ्यातून उतरलेलं कोणी पाहिलं नव्हतं. थोरली चिडली की तिला 'आमची भिंगवाली' म्हणायची.

परतताना ट्रक धाकटीचा नवरा चालवत होता. नर्सरीचं ने-आण करायचं सगळं काम त्याच्याकडे. मधे धाकटी, खिडकीशी थोरली.

"वहिनी, तुम्हाला आवडणार नाही, पण बोलू का?" धाकटी म्हणाली.

"आवडण्यासारखं आता राहिलंय काय? बोल."

"पाइनला बुरशी लागते."

"लागते म्हणूनच तर फवारतो."

"तशी नाही. लागते म्हणजे हवी असते." धाकटीनं हाताची बोटं पसरून दाखवली. "मुळांच्या टोकांवर ती मोज्यासारखी बसते. तिथून मातीत तिचे धागे जातात. केसापेक्षा बारीक. मूळ जिथे पोचत नाही तिथलं पाणी ती आणून देते, क्षार आणून देते. झाड तिला साखर देतं. रानात ती मातीतच असते, लावावी लागत नाही. पण हा ढीग जमिनीच्या पोटातून वर आलाय, त्याच्यात कुठली असणार? आणि आपल्या ट्रेमध्ये तर आपण माती वाफवून घेतो, वरून बुरशीनाशक, वरून भरपूर खत. आपण भरवतोच आहोत म्हटल्यावर रोपं हात कशाला हलवतील? तिथे गेली, भरवणारं कोणी नाही. संपलं."

"म्हणजे माझी रोपं स्वच्छतेनं मेली."

दिरानं उगाचच गियर बदलला.

नर्सरीतली ती स्वच्छता थोरलीच्या नवऱ्यानं आणलेली होती. धाकटी लग्न होऊन येण्याआधीची गोष्ट. एका वर्षी रोपांना मर लागली. मर म्हणजे रोप मातीलगत काळं पडतं, देठ दोऱ्यासारखा होतो आणि रोप आडवं होतं. एका कोपऱ्यात सुरू झालेली मर बघता बघता दोन्ही शेडमध्ये पसरली. तेव्हा दोघा नवरा-बायकोनं ट्रेच्या ट्रे उचलून मागे नेऊन जाळले होते. त्यानंतर त्यानं बॉयलर बसवला, माती वाफवायला सुरुवात केली, शेडच्या दाराशी पाय धुवायची हौदी बांधली. कुठे कुत्र्याची छत्री उगवलेली दिसली तरी तो चिमटीनं उपटून बादलीत टाकायचा. मर परत आली नाही. पण त्या वर्षानंतर तो माणूस स्वस्थ म्हणून बसला नाही. सकाळ झाली की उठून शेडमध्ये, जेवता जेवता उठून शेडमध्ये. चार वर्षांपूर्वी शेडमध्येच छातीत कळ येऊन गेला. तेव्हापासून त्याच्या येरझारा थोरलीच्या वाट्याला आल्या होत्या.

आठवडाभरानं तिनं धाकटीला सांगितलं, "एक शेड तुझी. कर काय करायचं ते. मला विचारू नकोस."

तिला पटलं होतं असं नव्हे. ती थकली होती. नाही म्हणायलाही अंगात बळ लागतं.

गावाबाहेर पाण्याच्या टाकीमागे जुन्या पाइनची एक रांग होती. धाकटी आणि तिचा नवरा तिथून झाडाखालची माती पोत्यांत भरून घेऊन आले. काळी, सुयांनी भरलेली, पांढऱ्या धाग्यांची. ट्रेमध्ये भरायच्या, न वाफवलेल्या मिश्रणात ती माती पडली, खत निम्म्याहून कमी झालं, बी पेरलं गेलं. उगवून आलं तेव्हा दोन्ही शेड सारख्याच दिसत होत्या. मग थोरलीची रोपं सरळ वर निघाली. धाकटीची बसल्या जागी विचार करत राहिली. रंगही फिकटच.

"वहिनी, ट्रेमधून छत्र्या यायला लागल्या की आपण छत्र्यांचंच दुकान काढू," दीर म्हणाला. "रोपांचं काही खरं दिसत नाही."

धाकटीनं एक रोप धुऊन त्याचं मूळ थोरलीला दाखवलं. "हे बघा, टोकं जरा फुगलीयत. बुरशी धरतेय आता."

थोरलीनं भिंगातून पाहिलं. तिला मुळं दिसली. "हं," म्हणाली.

त्याच सुमारास धाकटीची आई घरात पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन करायचं ठरलं. धाकटीला भाऊ नव्हता, बहीण परदेशात. तिनं बॅग भरली, निघताना शेडमध्ये एक चक्कर मारली आणि थोरलीला म्हणाली, "पाणी जपून द्या. बाकी काही करू नका. काहीच करू नका, वहिनी."

"जा गं. मी काय नवी आहे का?"

ती गेल्यानंतर चार-पाच दिवसांनी, सकाळी, धाकटीच्या शेडच्या डाव्या कोपऱ्यात थोरलीला काही रोपं आडवी पडलेली दिसली. ती खाली वाकली. मातीलगत काळा पट्टा, देठ दोऱ्यासारखा.

तिनं ते ट्रे उचलून बाहेर नेले. धाकटीला फोन लावला, कोणी उचलला नाही. ऑपरेशनचाच दिवस होता, ते तिला नंतर आठवलं. दिराला विचारलं तर तो म्हणाला, "मला ट्रकचं विचारा, वहिनी." त्या दिवशी तिनं स्वतःला आवरलं. पाणी तोडलं, पडदे वर केले, वारा खेळू दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या ट्रेंनाही मर लागली होती. ती उभ्या उभ्या त्या आडव्या रोपांकडे बघत राहिली आणि तिच्या नाकात जळक्या प्लास्टिकचा वास आला. शेडमध्ये काहीच जळत नव्हतं.

तिनं पंप पाठीला बांधला आणि आख्ख्या शेडला बुरशीनाशक दिलं. नुसता फवारा नाही, माती भिजेल इतकं. पट्ट्यांनी खांदे सोलून निघाले. शेवटच्या काही ओळी उरल्या तेव्हा तिला आपण काय केलं ते नीट कळलं. पण हातातलं काम अर्धं टाकणं तिला कधी जमलेलं नव्हतं.

संध्याकाळी धाकटीचाच फोन आला. आई शुद्धीवर आली होती, नर्सला नावं ठेवत होती, म्हणजे बरी होती. थोरलीनं तिला बोलू दिलं. मग म्हणाली, "मर आली होती. मी औषध दिलं."

पलीकडून नुसती दवाखान्यातली गडबड ऐकू आली.

"ऐकतेयस ना?"

"किती?"

"सगळ्या शेडला."

"बरं," धाकटी म्हणाली आणि थोडं थांबून, "बरं. ठेवते मग."

त्या 'बरं'चा थोरलीनं पुढचे कित्येक दिवस विचार केला. भांडली असती तर उलट बोलता आलं असतं.

धाकटी परत आली ती गालफडं बसलेली, डोळ्यांखाली काळं. बॅग ठेवून तशीच शेडमध्ये गेली. चार-दोन रोपं धुतली, भिंगाखाली धरली. थोरली दाराशी उभी होती, आत गेली नाही.

"आहे का काही?"

"नाही. टोकं वाळली." धाकटीनं रोपं पाण्याच्या पसरट भांड्यात तशीच ठेवली. "मर थांबली ना? मग झालं."

पुढचे दोन-तीन आठवडे तिनं सगळं काम केलं. पाणी दिलं, तण काढलं, ट्रे फिरवले. पण भिंग काही डोळ्याला लावलं नाही. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची. दीर दोघींच्या मधे डबा उघडून बसायचा आणि एकटाच बोलायचा. शेवटी एका दुपारी तोच वैतागला. "तुम्ही दोघी एकदा भांडून घ्या बरं. मी ट्रक धुवायला जातो. तासभर येत नाही."

तो गेला. दोघी रोपांच्या मधल्या वाटेत बसल्या होत्या.

"तुमचा माझ्यावर विश्वास नव्हता," धाकटी म्हणाली.

"तुझ्यावर होता. शेडवर नव्हता."

"हे काय बोलणं झालं?"

"तू तेव्हा नव्हतीस. आम्ही दोघं ट्रे उचलून नेत होतो आणि हे मोठ्यानं मोजत होते. मी म्हटलं, मोजू नका. तर म्हणाले, मोजलं नाही तर खरं वाटणार नाही." थोरलीनं पदरानं तोंड पुसलं. "मला भीती वाटली गं. एवढंच. त्याच्या पलीकडे काही नाही."

"मला नव्हती वाटत? रोज सकाळी आधी तोच कोपरा बघायचे मी. मर येणार हे मला माहीत होतं. थोडी येते, काही रोपं जातात आणि थांबते. ते मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, कारण सांगितलं असतं तर तुम्ही शेड दिलीच नसती."

थोरलीनं मान हलवली. "नसतीच दिली."

धाकटीला हसू आलं, पण ते तोंडापर्यंत पोचलं नाही. "आईकडे रात्रंदिवस बसून होते ना, तेव्हा वाटायचं, तिकडे निदान एक गोष्ट आपोआप वाढतेय. मला काही करावं लागत नाहीय."

थोरलीनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. मग विचारलं, "ती माती परत घालता येईल का?"

"औषधाचा अंमल उतरायला हवा. महिना-दीड महिना."

"मग दीड महिन्यानं घालू."

"रोपं आणखी मागे पडतील."

"पडू देत. तशीही कुठे पळत होती?"

दीड महिन्यानं तिघंही टाकीमागे गेली. या खेपेला थोरलीनं स्वतः कुदळ घेतली. धाकटी सांगत होती, वरवरच्या सुया सारा, खालचा काळा थर घ्या, मुळं तोडू नका, एकाच झाडाखालची सगळी नको. थोरलीला गुडघ्यावर बसवत नव्हतं, म्हणून ती एक पाय पसरून बसली आणि हातानं उकरू लागली. सुयांच्या खाली माती एकमेकींना धरून होती, जाळ्यात बांधल्यासारखी. तिनं एक ढेकूळ उचललं तर त्यातून पांढरे धागे लोंबले. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप झटकला गेला. मग तिनंच ते परत उचललं आणि पोत्यात ठेवलं.

ती माती पाण्यात कालवून, गाळून त्यांनी धाकटीच्या शेडमधल्या प्रत्येक ट्रेला दिली. सगळ्यांचे हात, कपडे, केस त्या वासाचे झाले. काम संपल्यावर दीर तिथेच बाकावर आडवा झाला आणि घोरू लागला. त्याला कोणी उठवलं नाही.

बुरशीनं धरलं. हे थोरलीला धाकटीच्या चालण्यावरून कळलं. एका सकाळी ती शेडमधून भराभर बाहेर आली, हातात धुतलेलं रोप. थोरलीनं भिंग लावलं. मुळांची टोकं आखूड, गुबगुबीत, पुढे दोन-दोन फाटे फुटलेली, आणि त्यांच्यावर पिवळसर मऊ लव. बाळाच्या टाळूवर असते तशी. ती खूप वेळ बघत राहिली. मान दुखायला लागली तेव्हा भिंग परत दिलं.

"फवारून फवारून मी हेच मारत होते होय?"

"तुम्ही मरही मारत होतात. औषधाला दोन्ही सारख्याच."

लागवडीच्या वेळी इंजिनियर नर्सरीत आला. थोरलीची हातभर रोपं बघून त्याचा चेहरा खुलला. धाकटीच्या शेडमध्ये शिरल्यावर त्यानं वाकून एका रोपाशी हाताची वीत धरली.

"ही वीतभर? बाई, वरून साहेब लोक येतात पाहणीला. त्यांना काय दाखवू, भिंगातून दाखवू?"

धाकटी मुळांचं सांगायला लागली. त्यानं नीट ऐकून घेतलं, दोन प्रश्नही विचारले. मग म्हणाला, "पटतंय मला. पण माझ्या वरच्यांना पटायला झाड दिसायला लागतं."

थोरली खुर्चीवरून उठली नव्हती. तिथूनच म्हणाली, "हातभर पाहिजे असतील तर आहेत माझ्याकडे, देते. पण ती मरतील. मग पुढच्या वर्षी तुम्ही मला बोलावणार, आणि मला ते टेकाड चढवत नाही हो आता."

इंजिनियर हसला. शेवटी त्यानं दोन्ही घेतली. रस्त्याकडून दिसणाऱ्या उतारावर हातभर लावायची, मागच्या बाजूला, जिथे कोणी बघायला जात नाही, तिथे वीतभर. थोरलीनं वाद घातला नाही. आपलीच उंच रोपं ट्रकमध्ये चढताना बघून तिला वाईट वाटलं, लग्नघरातून मुलगी चुकीच्या घरी जाताना बघावी तसं. पण गेली.

पुढच्या वर्षी बोलावणं आलंच. तिघंही गेली. रस्त्याकडचा उतार तांबूस झालेला खालूनच दिसत होता. थोरलीनं तिकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली. मागच्या बाजूला जायला पायवाट नव्हती, घसरत-थांबत जावं लागलं.

मागेही सगळं आलबेल नव्हतं. एका ठिकाणी पावसाच्या ओघळानं ओळीच्या ओळी धुऊन नेल्या होत्या. नाल्याकडच्या पट्ट्यात माती इतकी आंबट होती की तिथे काहीच टिकलं नव्हतं. पण बाकीची रोपं, निम्म्याहून जास्त, जिवंत होती. उंची अजूनही गुडघ्याएवढी नाही. गडद हिरवी, बुटकी, वाऱ्यात अंग न हलवणारी. धाकटीनं खुरप्यानं एका रोपाच्या बाजूला हळूहळू खणलं. मुळं मातीच्या कांडीतून बाहेर पडून त्या राखाडी चुऱ्यात शिरली होती आणि त्यांच्याही पुढे पांढरे धागे गेलेले होते, चुऱ्याचे कण एकमेकांना शिवत.

इंजिनियर गुडघ्यावर बसून ते बघत होता. हेल्मेट काढून त्यानं मांडीवर ठेवलं होतं. "पुढच्या खेपेला सगळीच ही द्या," तो म्हणाला. "पुढचा उतारही. आणि नदीपलीकडे दुसरा ढीग आहे, त्याच्यासाठीही लागतील. साहेबांचं मी बघतो."

तो गेल्यावर धाकटीनं उकरलेली माती परत लोटून हातानं दाबली. थोरली एका दगडावर टेकली होती.

"आता दोन्ही शेड तूच बघ," थोरली म्हणाली. "मी बसल्या बसल्या काय होईल तेवढं करीन."

"मला नको."

"का गं? तुझंच तर सगळं."

धाकटी तिच्या शेजारी येऊन बसली. दगड लहान होता, दोघी अर्ध्या अर्ध्या टेकल्या. "दमलेय हो मी, वहिनी. दर शनिवारी आईकडे, सोमवारी इथे. दोन ढिगांची रोपं म्हणजे परत तेच. रोज पहाटे उठून कोपरे बघायचे."

थोरलीनं तिच्याकडे पाहिलं. ही आपल्याहून बारा वर्षांनी लहान, हे ती विसरूनच गेली होती. म्हणजे लहान आहे हे लक्षात होतं, म्हणून तर दमेल असं कधी वाटलं नव्हतं.

"मग अर्धीच घेऊ," थोरली म्हणाली.

"अर्धी कशी?"

"हा ढीग आपण. नदीपलीकडचा दुसऱ्या कुणाला देऊ दे. माती कुठून आणायची, कशी घालायची ते तू त्यांना सांग. आपण काय सगळ्या दुनियेचे ढीग झाकायचा मक्ता घेतलाय?"

"इंजिनियरला चालेल?"

"न चालून काय करतो? मघाशी बघितलंस ना, गुडघ्यावर बसला होता."

ट्रक बघायला खाली गेलेला दीर धापा टाकत वर आला. त्याला सांगितलं तर आधी त्याचा चेहरा पडला. मग त्यानं जरा विचार केला. "म्हणजे रविवारी ट्रक काढायचा नाही?"

"नाही काढायचा."

"मी झोपू शकतो?"

"मेल्या, झोप की," धाकटी म्हणाली आणि आता मात्र तिला खरंच हसू आलं.

वारा सुटला होता. चुऱ्याची धूळ उडत होती, पण या बाजूला जरा कमी. की त्यांना तसं वाटलं, कोण जाणे. तिघांनाही उठायला हवं होतं, उतरायला अजून बराच वेळ लागणार होता. थोरलीनं एक पाय पसरला, धाकटीनं डोकं तिच्या खांद्याला टेकलं आणि दोघी तशाच बसून राहिल्या.